ओळ देणाऱ्याची रायफल

आमच्या खोऱ्यातल्या ग्राउंडहॉगांनी शिट्टी मारायचं सोडून दिलं, असं मी दोन उन्हाळे ज्याला त्याला सांगत होतो.

ग्राउंडहॉग म्हणजे घुशीचा थोरला भाऊ समजा. मांजराहून मोठा, पोटानं गोल, गवताच्या कुरणात बिळं करून राहणारा. बिळाच्या तोंडाशी मागच्या पायांवर उभा राहतो, चहूकडे बघतो आणि माणसाची चाहूल लागली की एकच तीक्ष्ण शिट्टी मारून आत पडतो. दिसायला गोजिरा आहे, पण त्याच्या बिळात गाईचा पाय गेला तर गाय जाते, आणि गवत कापायच्या यंत्राचं चाक गेलं तर हंगाम जातो. म्हणून कुरणवाले मला बोलावतात. कोळशाच्या खाणीतून निवृत्त झाल्यापासून माझं तेच काम, आणि खरं सांगायचं तर तोच विरंगुळा.

"शहाणी झालीत रे," मी लोनीच्या दुकानात बसून सांगायचो. "माझी स्विफ्ट रायफल ओळखतात. शिट्टी मारली की म्हातारा वळून बघणार, हे त्यांना पक्कं ठाऊक झालंय. आता मुकाट्यानं आत पडतात."

लोनी खालच्या गावात बंदुका दुरुस्त करतो. नाकावर चष्मा, बोटांना कायम तेल. तो मान वर न करता म्हणायचा, "उद्या सांगशील, ती बायबल वाचतात म्हणून."

"वाचत असतील. तुझ्यापेक्षा तरी जास्तच."

दुकानातले लोक हसायचे, मीही हसायचो. मग माझ्या ट्रकमध्ये बसून डोंगर चढून घरी यायचो आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत कुणाशी एक शब्द बोलायचो नाही.

स्विफ्ट ही माझी मोठी रायफल. जाड, जड नळी. दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. वर लांबलचक दुर्बीण. गोळी इतकी वेगानं जाते की तीनशे यार्डांवरच्या जनावरासाठीही फारसं वर धरावं लागत नाही. गोळी हलकी आणि पातळ कवचाची घ्यायची. ती लागते तिथंच फुटून जाते, दगडावर आपटून शेजाऱ्याच्या गोठ्याकडे उडत नाही. नवी पोरं लोनीकडे येऊन विचारायची, कुठली घेऊ, आणि लोनी माझ्याकडे बोट दाखवायचा. मी त्यांना सांगायचो, बाबांनो, विकत घेणं एका दिवसाचं, सांभाळणं जन्माचं. हरणाची बंदूक वर्षातून दोनदा वाजते. ही एका दुपारी चाळीसदा वाजते. तेवढ्या आगीत नळीतले, गोळीला फिरकी देणारे आटे मुळाशी जळायला लागतात. म्हणून चार-पाच गोळ्या झाल्या की थांबायचं. नळीवर पंजा ठेवायचा. पंजा टिकला तर पुढची गोळी, नाही तर ढग बघत बसायचं. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी पुसायची, आणि पुसायची ती मागून, बोल्ट म्हणजे मागची सरकती कळ काढून, एकसंध गजानं. घाईत कुणी पुढून गज घालतो आणि नळीच्या तोंडाची कड घासून टाकतो. मग वर्षभर दुर्बिणीला शिव्या देत बसतो.

हे सगळं मी रोज संध्याकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर करायचो. माझी बायको ऑर्फा असताना तिनं टेबलावर तेलाची बाटली ठेवू दिली नसती. ती गेली त्याला तेव्हा चार वर्षं होत आली होती. टेबल मोकळं होतं. जेवायला एका ताटाची जागा पुरते. उरलेल्या जागेवर मी स्विफ्ट आडवी ठेवायचो. पहिली चिंधी काळी यायची, दुसरी राखाडी. मग औषध लावलं की तांब्याचा हिरवा-निळा डाग यायचा, आणि शेवटी एकदाची पांढरी. पांढरी चिंधी आली की दिवस संपला असं वाटायचं. कोपऱ्यातल्या कपाटात ऑर्फाची हॉर्नेट होती. हॉर्नेट म्हणजे गांधीलमाशी. छोटी, हलकी, आवाजाला थोडी. तिच्या घेवड्याच्या वाफ्यात घुसणाऱ्या ग्राउंडहॉगांवर ती ओसरीतूनच झाडायची. त्या कपाटाला मी हात लावत नव्हतो.

महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी आणि रविवारी मात्र मी माणसांत असायचो. आमचं चर्च ओढ्याच्या वळणावर आहे. महिन्यातून तेवढेच दोन दिवस सभा भरते. बाकीचे आठवडे शेजारच्या खोऱ्यांतल्या चर्चांचे. आत पेटी नाही, पियानो नाही, गाण्याच्या चोपड्या असल्या तरी त्यांत चाली लिहिलेल्या नाहीत. चाल पोटातून पोटात आलेली. एकजण उभ्या उभ्या ओळ देतो, झरझर, अर्धी बोलल्यासारखी. मग सगळं चर्च तीच ओळ उचलतं आणि संथ, लांबवत, वळणं घेत गातं, डोंगरातून धुकं चढावं तसं. शेवटचा सूर कुणी मोजत नाही. ज्याचा दम जिथवर पुरतो तिथवर तो धरतो आणि सगळ्यांचे दम एकमेकांत मिसळून हळूहळू विरतात. ते पुरतं विरलं की पुढची ओळ द्यायची. ओळ द्यायचं काम बापानंतर माझ्याकडे आलं. एकतीस की बत्तीस वर्षं झाली असतील.

आणि गाण्यानंतर प्रवचन. हॉबर्टभाऊ उभे राहिले की सुरुवातीला साध्या बोलण्यातच असतात, आज काही सुचत नाही, प्रभू देईल ते सांगेन, असं म्हणत. मग कुठं तरी शब्दांना चाल लागते. दोन वाक्यं बोलून होतात, तिसरं गायलं जातं, आणि बघता बघता सगळं प्रवचनच गाणं होतं. दर श्वासाला हुंकार. भाऊ खाली उतरतात, रांगांमधून फिरतात, याचा हात धर, त्याच्या गळ्यात पड, डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि गाणं थांबत नाही. लहानपणापासून मी ते ऐकत आलो. माझ्या महिन्याला खांब कुठला असेल तर तोच.

पण अलीकडे तेही बारीक होत चाललं होतं. मी एकदा बाहेर झाडाखाली, जेवणाच्या टेबलांपाशी, हॉबर्टभाऊंना म्हणालो देखील, "भाऊ, आपलं गाणं वाळत चाललंय. पूर्वी सूर किती वेळ टिकायचा! आता ओळ संपते ना संपते तोच लोक सोडून देतात. बायका तर गातात की नाही कळत नाही."

हॉबर्टभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.  मग माझ्या तोंडासमोर येऊन म्हणाले, "ज्याला ऐकायचंय त्याला जातं ऐकू, एल्झीभाऊ. कोंबडी घे ना आणखी."

जुलैच्या सुरुवातीला डेल्फीनं बोलावलं. डेल्फी माझ्या वर्गातली, वरच्या कुरणांची मालकीण. नवरा गेल्यावर गाई, गवत, यंत्र सगळं एकटीनं चालवते. बोलायला लागली की समोरच्याला गवतासारखं कापते.

"माझी तपकिरी गाय लंगडतेय," ती म्हणाली. "तुझी ती शहाणी झालेली जनावरं माझ्या कुरणाची चाळणी करून राहिलीत. तीन आठवड्यांनी कापणी आहे. येतोस का, की त्यांना आधी चिठ्ठी पाठवू?"

मी गेलो. कुरणाच्या वरच्या अंगाला, पडक्या भिंतीआड, पोत्यावर नळी टेकवून पालथा पडलो. समोर लांब उतार, खाली झुडपांची ओळ, मग पलीकडचा चढ. चढावरच्या बिळाशी एक थोराड नर उभा होता. मी दुर्बिणीत घेतला. वारा डावीकडून, थोडासा. श्वास सोडला, चापावर बोट आणलं.

माझ्या टोपीवर काही तरी आपटलं. मातीचं ढेकूळ होतं. मी वळून बघितलं तर डेल्फी भिंतीवर चढून उभी, चेहरा लाल, छाती भात्यासारखी हलतेय.

"मेल्या, काय दगड झालास का?" ती खाली उतरून माझ्या समोर आली. "कुंपणापासून बोंबलत येतेय! वासरू सुटलंय माझं, खाली झुडपात शिरलंय! तुझ्या नळीच्या रेषेत!"

मी खाली बघितलं. झुडपं हलत होती. तपकिरी पाठ दिसली, गेली, पुन्हा दिसली. मी बोल्ट ओढून बाहेरच काढला आणि खिशात टाकला. 

"ऐकलं नाही," मी म्हणालो. "वारा असेल."

"वारा?" तिनं कमरेवर हात ठेवले. मग तिचा आवाज उतरला असावा, कारण ओठ हलताना दिसले आणि शब्द पोचले नाहीत. ती वाकून माझ्या उजव्या कानाशी आली. "एल्झी, तुझ्या मागे, भिंतीच्या टोकाला एक बसलाय. मी आल्यापासून शिट्ट्या मारतोय. ऐकू येत नाही तुला?"

मी वळलो. हाताच्या अंतरावर म्हणावा इतका जवळ, दगडांच्या ढिगावर तो उभा होता. दुर्बिणीची गरजच नव्हती. त्याची छाती आत गेली, तोंड उघडलं, दात दिसले.

"आत्ता," डेल्फी म्हणाली.

काही नाही. उन्हात गवत हलत होतं.

"पुन्हा. आत्ता मारली बघ."

तो वळून दगडांत शिरला. मी तिथंच बसून राहिलो.  डेल्फी वासराला आणायला गेली, आणि परत आली तेव्हा ताकाचा लोटा घेऊन आली. आम्ही तो प्यायलो.

खाणकामगारांच्या दवाखान्यातली डॉक्टरीण तरुण होती. तिनं मला एका खोलीत बसवून यंत्रातून आवाज ऐकवले. म्हणजे तिनं ऐकवले, मी बहुतेक वेळ भिंतीकडेच बघत बसलो. मग ती उजव्या बाजूला खुर्ची ओढून बसली आणि एकेक शब्द सुटा करून बोलली.

"डावा गेलाय. उजव्या खांद्यावर बंदूक धरली की डावा कान नळीच्या तोंडाकडे होतो, तोच आधी जातो. खाणीनं थोडं नेलं, उरलेलं त्या मोठ्या बंदुकीनं. उजव्यात खालचे सूर आहेत, वरचे नाहीत. बायकांचे आवाज, पाखरं, शिट्टी, हे तुम्हाला येणार नाही."

"कानात बोळे घातले तर?"

"घालाच. पण जे उरलंय ते इतकं थोडं आहे की मी बोळ्यांच्या भरवशावर ते सोडणार नाही. उजवा राखायचा असेल तर ती बंदूक ठेवून द्या."

"आणि बोळे घालून मी कुरणात पडलो, नि मागून कुणी ओरडलं तर?"

"ते तुम्हीच सांगा," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर डोंगराच्या वळणावर मी ट्रक बाजूला लावला. बायकांचे आवाज. माझ्या मनात तेवढंच घुमत होतं. खालचे सूर आहेत, वरचे नाहीत. मग गाणं वाळलं नव्हतं. बायका गात होत्या. त्या रविवारीही गात होत्या आणि मी हॉबर्टभाऊंना त्यांच्या तोंडावर सांगत होतो की गात नाहीत.

तसाच डेल्फीकडे गेलो. ती गोठ्यात धारेला बसली होती. मी तिच्या समोर स्टूल घेऊन बसलो, म्हणजे ओठ दिसतील.

"डेल्फी, खरं सांग. मी ओळ देतो, ती कशी देतो?"

"छान देतोस."

"डेल्फी."

तिनं गाईच्या पोटाला कपाळ टेकवलं. मग माझ्याकडे तोंड करून म्हणाली, "लवकर देतोस. आम्ही सूर धरलेला असतो, वर चढलेलो असतो आणि तू पुढची ओळ सुरू करतोस. तुला वाटत असेल आमचं संपलं."

"मग?"

"मग काय! आम्ही सोडून देतो."

"सगळे?"

"पहिल्यांदा हॉबर्टभाऊंनी सोडलं. त्यांचं बघून बाकीच्यांनी. आता सवय झालीय. तू श्वास घेतलास की आम्ही आवरतो."

"कधीपासून?"

"ऑर्फा गेली, त्याच्या पुढच्या वर्षापासून."

"कुणी ठरवलं हे?"

"कुणीच नाही ठरवलं. कोण ठरवणार? दर वेळी वाटायचं, दुसरं कुणी तरी सांगेल त्याला."

"तीन वर्षं! अख्खं चर्च माझ्यासाठी चुकीचं गातंय, आणि एकाही माईच्या लालाला मला सांगावंसं वाटलं नाही?"

"ओरडू नकोस, गाय दूध चोरते." तिनं हात पुसले. "काय सांगणार होतो, एल्झी? ते काढून घेतलं असतं तर तुझ्याकडे दुसरं राहिलं होतं काय?"

बोलून गेली आणि तिचा चेहरा पडला. मी उठलो. ती मागून काही म्हणाली असेल तर मला ऐकू आलं नाही.

मला राग आला होता, आणि तो बरेच दिवस गेला नाही. एकट्या माणसाचा राग कुठं जाणार? घरात फिरत राहतो. मनातल्या मनात मी हॉबर्टभाऊंना बोललो, डेल्फीला बोललो, एकदा ऑर्फालाही बोललो. मग विचार करायला लागलो. उजवा कान राखला, हॉबर्टभाऊंच्या ओठांवर नजर ठेवली, त्यांनी तोंड मिटल्यावरच ओळ दिली, तर? जमेल. ओळ माझ्याकडे राहील. त्यासाठी स्विफ्ट सोडावी लागली तर सोडीन.

त्याच संध्याकाळी कपाट उघडलं.

हॉर्नेट हातात घेतली तेव्हा वाटलं होतं त्याहून हलकी लागली. ऑर्फाच्या गालानं दस्त्याचं एक ठिकाण गुळगुळीत झालं होतं. बोल्ट काढून नळी दिव्याकडे धरली. आत काळोख. तिनं शेवटच्या उन्हाळ्यात झाडली होती, मग ती अंथरुणाला खिळली, आणि मी, संध्याकाळ ओलांडू न देता पुसा म्हणून पोरांना सांगणारा मी, ती तशीच उभी करून ठेवली होती. पहिली चिंधी घातली. बाहेर आली ती काळी, वर गंजाचे तांबडे कण. ती काजळी तिच्या हातची होती. चिंधी मी कचऱ्यात टाकली नाही, बशीत ठेवली. दुसरी, तिसरी, दहावी. खूप वेळानं आटे दिसायला लागले. मधे दोन जागी गंजानं खड्डे पाडले होते. लोनीला दाखवली तेव्हा त्यानं भिंग लावून बघितलं आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन ओरडला, कारण आता सगळ्या गावाला बातमी लागली होती.

"शंभर यार्डांपर्यंत चालेल! त्यापुढं देवाच्या हवाली!"

"ओरडू नकोस. बहिरा आहे, मेलेलो नाही."

"मोठी काय करतोस? विकतोस? गिऱ्हाईक आहे."

"नाही."

"वाजवणार नाहीस आणि विकणारही नाहीस?"

"पुसत जाईन," मी म्हणालो. लोनीनं चष्मा काढून पुसला आणि विषय सोडला.

हॉर्नेटनं शिकार म्हणजे म्हाताऱ्याला रांगायला लावणं. शंभर यार्डांत जायचं तर पोटावर सरकायचं, वाऱ्याची बाजू धरायची, आणि शिट्टी ऐकू येत नाही म्हणजे आपण दिसलो की नाही हे कळायला मार्ग नाही. डेल्फी रोज सकाळी गाई दुसऱ्या कुंपणात घालून फाटकावर लाल कपडा बांधायची. तो दिसल्याशिवाय मी काडतूस भरत नव्हतो. हॉर्नेटचा आवाज, मला आला तेवढा, फळी आपटल्यासारखा. भिंतीजवळची बिळं आठवडाभरात रिकामी झाली. पण पलीकडचा चढ राहिला. तिथं आडोसा नाही. सरकत गेलो की चढ ओस पडलेला, माघारी आलो की सगळे पुन्हा बाहेर.

कापणी चार दिवसांवर आली तेव्हा मी स्विफ्ट ट्रकमध्ये टाकून नेली. भिंतीआड पडलो, दुर्बिणीत तो थोराड नर घेतला. वारा नव्हता. लाल कपडा फाटकावर होता. कानात बोळे कोंबले होते. एकच गोळी, मी म्हणालो. एका गोळीनं काय होतंय. मग आठवलं, परवा शनिवार. तिसरा. त्या दिवशी हॉबर्टभाऊंचं प्रवचन, आणि माझ्याकडे एकच कान. मी तो नर पुष्कळ वेळ बघत राहिलो. तो क्लोव्हरचा पाला खात होता, दोन्ही हातांत धरून, निवांत.

रायफल ट्रकमध्ये ठेवून मी घरून काठ्या आणल्या, पुसायच्या पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या फाडल्या, आणि पलीकडच्या चढावर बिळाबिळाशी एकेक काठी रोवून तिला चिंधी बांधली. डेल्फी ट्रॅक्टरवरून बघत होती.

"हे काय? शरण आलास त्यांना?"

"यंत्र काठ्यांना वळसा घालून ने. गवत थोडं जाईल, चाक वाचेल. बाकीचे पुढल्या वर्षी बघू."

"तुझी मोठी काय झाली?"

मी कानाकडे बोट दाखवलं. तिनं मान हलवली, आणि ट्रॅक्टर वळवला.

शनिवारी आमची कामकाजाची सभा असते. गाण्याआधी हॉबर्टभाऊ उभे राहून विचारतात, "आपल्यात शांती आहे का?" कुणाचं कुणाशी बिनसलं असेल, मनात कुणाबद्दल काही असेल, तर त्यानं तिथंच उभं राहून सांगायचं. ते मिटल्याशिवाय पुढं काही होत नाही. बहुतेक वेळा कुणी उठत नाही, आणि त्या शांततेलाच उत्तर धरतात.

मी घरून ठरवून गेलो होतो की गप्प बसायचं. हॉबर्टभाऊंचे ओठ दिसतील अशी जागा धरली होती. त्यांनी प्रश्न विचारला. मी आजूबाजूला बघितलं. पुरुषांच्या बाजूला व्हर्लिन, डेल्फीचा भाऊ, हात मांडीवर ठेवून. पलीकडे बायका. सगळे खाली बघत होते, आणि मला कळलं की ही माणसं आत्ता मनातल्या मनात श्वास मोजताहेत. एल्झी कुठं आत येईल, आपण कुठं आवरायचं. मी ओठ बघून कितीही सांभाळलं तरी त्यांचं मोजणं थांबणार नव्हतं. मेलेल्या बापांनी न मोजता धरलेला तो सूर माझ्या धाकानं आखूड झाला होता.

मी उभा राहिलो.

"शांती नाही," मी म्हणालो. "माझ्या मनात नाही."

हॉबर्टभाऊ दोन पावलं पुढं आले. "बोल, एल्झीभाऊ."

"मला तुमचा राग आला होता. सगळ्यांचा. तीन वर्षं मला सांगितलं नाहीत." माझा आवाज किती मोठा येतोय हे मला कळत नव्हतं. "राग अजून आहे थोडा. तो जाईल. पण तुम्ही गाणं कापताय, ते माझ्यासाठी कापू नका. मला येतं तेवढं येईल. तुम्ही पूर्ण गा. ओळ मी सोडली."

कुणी तरी रडायला लागलं असावं. बायकांच्या बाजूला खांदे हलताना दिसले. हॉबर्टभाऊ माझ्याजवळ आले, माझं डोकं धरून स्वतःच्या डोक्याला टेकवलं, आणि हाडातून त्यांचा आवाज आला, "चूक आमची रे. दया नव्हती ती, भित्रेपणा होता." मग बाजूला होऊन म्हणाले, "कुणी द्यावी ओळ? तूच सांग."

"व्हर्लिननं," मी म्हणालो. "आवाज गंजलाय त्याचा, पण आटे शाबूत आहेत."

हसू फुटलं. व्हर्लिन लाल झाला. "मला नाही यायची, एल्झीभाऊ."

"मलाही येत नव्हती. बापानं ढकललं होतं. ऊठ."

तो उठला. एकेक जण येऊन माझा हात धरून गेला, आमच्या रिवाजाप्रमाणे. डेल्फीनं हात इतका दाबला की बोटं दुखली. तिच्या तोंडून एक शब्द निघाला नाही, हे मी तिला ओळखत असल्यापासून पहिल्यांदाच.

मग व्हर्लिननं ओळ दिली. जाड, घोगरा आवाज. माझ्या उजव्या कानात तो सापडला. चर्चनं उचलली. खालून पुरुषांचा सूर आला, फळ्यांतून पायांना लागला, आणि मी त्यात माझा मिसळला. गाताना वर काय चाललंय ते मला आठवणीनं ठाऊक होतं. ऑर्फा ज्या वळणावर वर जायची ते वळण आलं आणि गेलं. ओळीच्या टोकाला आलो. सूर धरला, दम पुरला तेवढा, आणि माझ्या कानात सगळं विझलं. खालचे आवाजही पातळ होत नाहीसे झाले. मी तोंड मिटलं. मला वाटलं, संपलं.

वर बघितलं. कुणीही थांबलं नव्हतं. डेल्फीच्या गळ्याची शीर ताणलेली, शेजारच्या म्हातारीचे डोळे मिटलेले, तोंडं सगळी उघडी, वर उचललेली. व्हर्लिन हात खाली सोडून उभा होता, पुढची ओळ द्यायची घाई न करता. खिडकीच्या काचा थरथरत होत्या. माझ्याकडे कुणी बघत नव्हतं. तो सूर त्या खोलीत होता, माझ्या चहूबाजूंनी, आणि माझ्यापर्यंत येत नव्हता.

मी पुन्हा तोंड उघडलं. आत उरलेला श्वास सोडला. तो सुरात होता की नव्हता, देवाला माहीत. हॉबर्टभाऊंच्या ओठांकडे बघत राहिलो. त्यांनी ते मिटले, तेव्हा मी मिटले.